बंद होता होईना

संगणक सुरू झाला नाही तर माणूस तासाभरात दुरुस्तीवाल्याला बोलावतो. बंद झाला नाही तर बोलावत नाही. बटण दाबून धरतो, दिवा विझला की शटर ओढून घरी जातो. नेरूळमध्ये सिडकोच्या जुन्या घरांच्या तळमजल्यांवर जी छोटी छोटी ऑफिसं थाटली आहेत, कर सल्लागारांची, इस्टेट एजंटांची, झेरॉक्स आणि डीटीपीची, तिथे संध्याकाळी हा प्रकार सर्रास चालतो. काही ठिकाणी तर बटणाचीही तसदी नसते, थेट मेन स्विच खाली.

आमच्या सोसायटीचे हिशेब ज्या काकू ठेवतात, त्यांचं गेले कित्येक महिने असंच चाललं होतं. त्यांच्या त्या एका डेस्कटॉपमध्ये आमची मेंटेनन्सची बिलं आहेत, सिंकिंग फंडाचे आकडे आहेत, शिवाय स्टेशनकडच्या काही दुकानांचे जीएसटीचे कागद आहेत. त्यामुळे हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही, असं मला पहिल्यापासून वाटत होतं. शेवटी शिरवण्याहून इंजिनीअर आला. विंडोज ९८ च्या काळापासून हेच काम करणारा, सुटे भाग आणायला अजूनही लॅमिंग्टन रोड गाठणारा माणूस. दोघांची चांगलीच जुंपली. वाद ऐकण्यासारखा होता, म्हणून तो जमेल तेवढा त्यांच्याच शब्दांत देतो आहे. जिथे मला बोलावंसं वाटलं, तिथे मी मधे बोललो आहे.

काकू : तू उगाच पसारा मांडू नकोस बाबा. शटडाउन म्हटलं की ते गोल गोल फिरत बसतं. मी थोडा वेळ बघते, मग बटण दाबून धरते. चार सेकंदांत गप्प. सकाळी व्यवस्थित सुरू होतो. मग बिघडलंय कुठे?

इंजिनीअर : काकू, आधी एक सांगा. बंद होत नाही म्हणजे नेमकं काय होतं? पडद्यावर अक्षरं असतानाच अडकतो, की पडदा काळा होतो आणि आत पंखा फिरत राहतो?

काकू : त्याने काय फरक पडतो? बंद होत नाही म्हणजे होत नाही.

इंजिनीअर : सगळा फरक तिथेच आहे. एखाद्या प्रोग्रॅमचं नाव दाखवून ‘हा अजून चालू आहे’ म्हणतो, तेव्हा तो प्रोग्रॅमच अडलेला असतो, बहुतेक वेळा न जतन केलेल्या फाइलसाठी. अक्षरं तशीच आणि चक्र फिरतंय, तर मागे चालणारी एखादी सेवा थांबत नाही. पडदा काळा झाला पण पंखा आणि दिवा चालू, तर विंडोजचं काम बहुधा उरकलंय आणि ड्रायव्हर किंवा मदरबोर्ड वीज तोडत नाही. आणि पूर्ण बंद होऊन आपला आपण पुन्हा सुरू झाला, तर त्याला कुणीतरी उठवतंय. चार आजार आहेत हे, औषध एक नाही.

काकू : माझं चक्रच फिरतं. अक्षरं असतात.

इंजिनीअर : मग सेवा. आता ती कोणती ते शोधू.

काकू : शोध, पण आधी मला हे सांग की शोधायचं कशाला. वीज जाते तेव्हा विचारून जाते का? १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज एकदम गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. लॉकडाउनमुळे निम्मं जग घरून काम करत होतं. एवढे संगणक एका क्षणात गेले. किती मेले त्यातले? माझा तर दुपारी वीज आल्यावर मुकाट्याने सुरू झाला.

काकूंचा हा मुद्दा कच्चा नाही. त्या दिवशी पडघा–कळवा भागातल्या अतिउच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि महानगराचा मोठा भाग अंधारात गेला. संगणक वीज गेल्यावर खरोखरच मरतात असं असतं, तर दुसऱ्या दिवशी निम्मा नेरूळ दुरुस्तीच्या दुकानांपुढे रांगेत दिसला असता. तसं झालं नाही.

इंजिनीअर : नाही मेले, बरोबर. विंडोजची डिस्क लिहिण्याची पद्धत त्यासाठीच तशी केली आहे. कोणती फाइल कुठे आहे याची मांडणी बदलण्याआधी ती बदल एका नोंदीत लिहून ठेवते. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी ती नोंद वाचून मांडणी पुन्हा जागेवर आणते. पण काकू, ती मांडणी वाचवते, मजकूर नाही. तुमची वही शाबूत राहिली म्हणून तिच्यातली शेवटची ओळ लिहिली गेली असेलच असं नाही. तुम्ही व्हाउचर सेव्ह केलं, पडद्यावर सेव्ह झाल्यासारखं दिसलं, तरी ते काही क्षण मेमरीतच असू शकतं. डिस्कवर उतरायचं असतं. नेमकी त्या क्षणात वीज गेली तर?

काकू : पण मी तर हिशेबाचं सॉफ्टवेअर बंद करूनच शटडाउन करते.

इंजिनीअर : तुम्ही करता. आणि एखाद दिवशी राहिलं तर? शिवाय दिसतं तेवढंच चालू नसतं. अपडेट मागे उतरत असतं, बॅकअप क्लाउडवर चढत असतो, मेलचा प्रोग्रॅम त्याची भली मोठी फाइल लिहीत असतो. आणि ऑक्टोबर २०२० ची गोष्ट एकदाची. तुम्ही तीच रोज संध्याकाळी आपल्या हाताने घडवता.

हे म्हणत त्याने एक छोटा प्रोग्रॅम चालवून डिस्कची प्रकृती पडद्यावर आणली. मला माहीत नव्हतं, पण डिस्क स्वतःच मोजत असते : किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, आणि किती वेळा न सांगता तिची वीज तोडली गेली. या शेवटच्या रकान्यातला आकडा तीन अंकी होता. सुरू होण्याच्या आकड्याशी तो नाकाला नाक लावून उभा होता. काकूंनी चष्मा वर करून दोन्ही आकडे वाचले. हिशेबाच्या बाईला आकड्यांची भाषा लगेच कळते. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत.

मग त्याने इव्हेंट व्ह्यूअर उघडला. ही खिडकी विंडोजमध्ये पूर्वीपासून आहे, फुकट आहे, आणि शंभरातल्या एकानेही ती उघडलेली नसते. सिस्टिमच्या नोंदींत त्याने काही ठरावीक क्रमांक गाळून घेतले. १०७४ म्हणजे कुणीतरी बंद करण्याचा हुकूम दिला. ६००६ म्हणजे नोंदी ठेवणारी सेवा नीट थांबली, याचा अर्थ बंद होण्याचं काम बरंच पुढे गेलं होतं. ६००८ म्हणजे मागच्या वेळचं बंद होणं अनपेक्षित होतं. आणि ४१ म्हणजे यंत्र नीट बंद न होताच पुन्हा सुरू झालं. काकूंच्या संगणकात रोज संध्याकाळी १०७४ होता. त्याच्या मागे ६००६ नव्हता. रोज सकाळी मात्र ४१ आणि ६००८ हजर.

इंजिनीअर : बघा. हुकूम पोचलाय, तामील झालेला नाही. आणि ६००६ पर्यंतही गाडी जात नाही, म्हणजे अडथळा सेवांच्याच टप्प्यावर आहे. मदरबोर्डपर्यंत जायची गरज नाही.

काकू : मग सेवांना एवढी मुभा का द्यायची? माझा भाचा म्हणाला, रजिस्ट्रीत जाऊन ती वाट बघायची वेळ कमी करता येते. न ऐकणारा प्रोग्रॅम आपोआप मारता येतो. दोन मिनिटांचं काम.

इंजिनीअर : येते ना. आणि तेच मला नको आहे. तुम्ही शटडाउन म्हटलं की विंडोज प्रत्येक उघड्या प्रोग्रॅमला विचारतं, आवरलं का? पाच सेकंद उत्तर आलं नाही तर तो अडकला असं धरतं आणि तुम्हाला सांगतं. मग सेवांना थांबायला लावतं. त्यांनाही हल्ली साधारण पाचच सेकंद मिळतात, पूर्वी वीस होते. कामात असलेली सेवा मुदत वाढवून मागू शकते. मग मेमरीतलं उरलेलं डिस्कवर उतरतं, आणि सगळ्यात शेवटी मदरबोर्डला सांगितलं जातं, आता वीज तोड. ती पाच सेकंद तुम्ही एकावर आणलीत, तर मारली जाणारी सेवा प्रिंटरची टूलबार असेल की तुमच्या हिशेबाचा डेटाबेस, हे रजिस्ट्रीला कळत नाही. बटण दाबून धरण्याचंच हे सभ्य रूप आहे.

इथे माझं मत पूर्ण इंजिनीअरच्या बाजूचं आहे. इंटरनेटवर ‘शटडाउन जलद करा’ म्हणून जे उपाय फिरतात, त्यातले निम्मे याच जातीचे असतात. दुखणं तसंच राहतं, फक्त ओरडणं बंद होतं.

काकू : ठीक. पण आता माझं ऐक. पूर्वी असं नव्हतं. मी वाशीला नोकरीत होते तेव्हा विंडोज ९५ होतं. शटडाउन केलं की काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरं यायची, आता संगणक बंद करायला हरकत नाही. मग आम्ही उठून खटका दाबायचो. मशीन आपलं काम संपलं म्हणून सांगायचं आणि शेवटचं बोट माणसाचं असायचं. तुमच्या लोकांनी ते बोट काढून घेतलं.

इंजिनीअर : काढून घेतलं, हे खरं. पूर्वीचा खटका थेट वीज तोडायचा. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली. तेव्हापासून समोरचं बटण वीज तोडत नाही, फक्त विनंती करतं. बंद असलेल्या संगणकातही पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह जागा असतो, त्या विनंतीची वाट बघत. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून नियम ठरवले, वीज कधी, किती आणि कुणाच्या हुकमाने. चार सेकंद बटण दाबलं की विनाअट बंद, हा नियम त्यातलाच.

काकू : म्हणजे तो नियमच आहे. मग मी नियमानेच वागते!

इंजिनीअर : आग लागली तर काच फोडा, हाही नियमच असतो काकू. रोज कुणी फोडत नाही.

काकू : आणि तुमच्या त्या नव्या नियमांनी तरी नीट बंद व्हायचे का? विंडोज ९८ आठवतंय मला. आमच्या ऑफिसात त्या निळ्या-पांढऱ्या ढगांच्या चित्रावर मशीन तासन्‌तास अडकायची.

इंजिनीअर : सेकंड एडिशनमध्ये तर इतकं झालं की मायक्रोसॉफ्टला खास शटडाउनसाठी वेगळी दुरुस्ती काढावी लागली. मी तेव्हा नवाच होतो, त्या एका फायलीवर माझं बरंच दुकान चाललं.

काकू : मग! आणि आता? मागे एकदा मुलगी ‘अपडेट अँड शट डाउन’ करून झोपली. सकाळी बघते तर लॅपटॉप चालूच. बंद व्हायच्या ऐवजी पुन्हा सुरू होऊन रात्रभर बसला होता.

इंजिनीअर : ती तक्रार जगभर होती, आणि वर्षानुवर्षं होती. मायक्रोसॉफ्टने ती दुरुस्त केल्याचं जाहीर केलं ते ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी आलेल्या विंडोज ११ च्या अपडेटमध्ये. तिच्या लॅपटॉपमध्ये ते अपडेट अजून चढलेलं नसेल, बघतो. आणि फेब्रुवारी २०२० मध्ये विंडोज ७ वापरणाऱ्यांना काय झालं होतं? संगणक बंद करायला गेले की पडद्यावर संदेश, तुम्हाला हा संगणक बंद करण्याची परवानगी नाही. त्या विंडोजची मुदत संपून महिनाही झाला नव्हता.

काकू : माझ्या पैशाने घेतलेलं यंत्र, माझ्या घरातली वीज, आणि बंद करायची परवानगी मी कुणाकडे मागू?

या प्रश्नावर इंजिनीअरकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर कुणाकडेच असू नये. बंद करण्याचा हुकूम हा वापरणाऱ्याचा शेवटचा हक्क आहे. यंत्राने थोडा वेळ मागावा, कारण सांगावं, पण हुकूम बाजूला सारू नये. काकूंचा राग मला अगदी रास्त वाटतो.

राग आणखी वाढला तो पुढच्या गोष्टीने. इंजिनीअरने मुलीचा लॅपटॉप उघडला. तो रोज रात्री शटडाउन होतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्याने टास्क मॅनेजरमध्ये जाऊन सीपीयूच्या आलेखाखालचा ‘अप टाइम’ दाखवला. तिथे यंत्र सलग किती वेळ चालू आहे ते लिहिलेलं असतं. आकडा कित्येक दिवसांचा होता.

काकू : अरे, काल रात्री माझ्यासमोर बंद केला तिने!

इंजिनीअर : तुमच्या दृष्टीने बंद केला. २०१२ मध्ये विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. शटडाउन म्हटलं की उघडे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर बंद होत नाहीत. त्यांची स्थिती डिस्कवर उतरवून ठेवतात आणि सकाळी तीच उचलतात, म्हणून लवकर सुरू होतो. एखादा ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तोही तसाच बिघडलेला परत येतो. पूर्ण बंद व्हायचं काम उलट रीस्टार्टमध्ये होतं. म्हणून आम्ही फोनवर आधी रीस्टार्टच करायला सांगतो.

काकू : आणि माझा?

इंजिनीअर : तुमच्या डेस्कटॉपवर हा आकडा रोज सकाळी शून्यापासून सुरू होतो, कारण रोज त्याची वीज तोडली जाते. पण ही सोय तुमच्याकडेही चालू आहे. म्हणजे रोज संध्याकाळी तो स्थिती उतरवायला निघतो आणि त्याआधीच अडकतो.

काकू : मग ही सोय आधी काढ. शटडाउन म्हणजे शटडाउन. सकाळी दहा सेकंद जास्त लागले तर मी चहा घेईन.

त्याने कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवरच्या पानावरची ती खूण काढली. एरवी एकदाच पूर्ण बंद करायचा असेल तर शिफ्ट दाबून शटडाउनवर क्लिक केलं तरी चालतं, हेही सांगितलं. मग संगणक बंद करून पाहिला. चक्र फिरतच राहिलं. काकूंनी बटणाकडे हात नेला, त्याने तो अडवला.

आता खरं काम सुरू झालं, आणि ते शिकण्यासारखं होतं. रीस्टार्टसुद्धा तसाच अडकतो हे त्याने आधी तपासलं, म्हणजे दोष फास्ट स्टार्टअपचा नाही हे पक्कं झालं. सगळं बाहेरचं, स्कॅनर, पेन ड्राइव्ह, जास्तीचा कीबोर्ड, त्याने काढून टाकलं. तरी तेच. मग सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सेवा लपवल्या आणि उरलेल्या सगळ्या बंद केल्या. यंत्र पुन्हा सुरू करून शटडाउन दिलं, आणि ते झटकन बंद झालं. म्हणजे चोर त्या यादीतच. निम्म्या सेवा चालू केल्या, पाहिलं. त्यातल्या निम्म्या, पाहिलं. एकेक करत बसला असता तर संध्याकाळ गेली असती. निम्म्या-निम्म्याने चाळत गेल्यावर यादी कितीही लांब असली तरी थोडक्या फेऱ्यांत एकच नाव उरतं.

उरलेलं नाव एका प्रिंटरच्या पहारेकरी सेवेचं होतं. तो प्रिंटर काकूंनी केव्हाच भंगारात दिला होता. यंत्र गेलं, पण त्याची शाई किती उरली हे विचारणारी सेवा संगणकात राहिली. ती रोज नेटवर्कवर त्या प्रिंटरला शोधायची, शटडाउनच्या वेळी शेवटचं उत्तर मिळेपर्यंत थांबायची, आणि उत्तर देणारं कुणी नव्हतं. सेवा काढून टाकली, जुना ड्रायव्हरही काढला. संगणक बंद झाला. पुन्हा सुरू करून पुन्हा बंद केला, पुन्हा झाला. नोंदींत १०७४ च्या मागे ६००६ येऊन बसला.

काकू : बंद होणं एका मेलेल्या प्रिंटरपायी अडलं होतं तर!

इंजिनीअर : बहुतेक घरांत असंच काहीतरी निघतं. जुना प्रिंटर, जुना अँटिव्हायरस, मोबाइल जोडायचं सॉफ्टवेअर. वस्तू जाते, प्रोग्रॅम राहतो.

बाकीच्या दोन आजारांबद्दलही त्याने जाता जाता सांगितलं. पडदा काळा होऊन पंखा चालू राहत असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून चिपसेटचा ड्रायव्हर आणि बायोस अद्ययावत करून पाहायचा. समोरचं बटणही तपासायचं. खाडीकाठच्या दमट हवेत, पावसाळ्यात तर हमखास, कॅबिनेटच्या स्वस्त बटणांचे संपर्क गंजतात. बटण आत चिकटलं तर संगणक आपोआप बंद किंवा सुरू होण्याचे चमत्कार दिसतात. बंद केलेला संगणक रात्री उठत असेल तर नेटवर्क कार्ड आणि माउसला ‘उठवण्याची’ परवानगी आहे का ते पाहायचं. आणि वीज परत आल्याबरोबर सुरू होत असेल तर बायोसमधली वीज आल्यावर काय करायचं ही निवड बदलायची. लॅपटॉपचं झाकण मिटून तो बॅगेत टाकणाऱ्यांसाठी त्याची वेगळी सूचना होती : हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपची झोप अर्धवट जागीच असते, हार्बर लोकलच्या गर्दीत ती बॅग तापते. प्रवासाला निघताना पूर्ण बंद करा.

काकू : आता माझं शेवटचं. बटण दाबून धरायचं की नाही?

इंजिनीअर : धरायचं, पण पाच-दहा मिनिटं थांबून. पडद्यावर अपडेटचा टक्का दिसत असेल तर त्याहून जास्त थांबायचं, अर्धा तास लागला तरी. आणि दाबण्याआधी कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा बघायचा. लुकलुकत असेल तर आत लिहिणं चालू आहे. हात लावायचा नाही.

काकू : आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अडकला तर?

इंजिनीअर : तर बटण नाही, मला फोन.

या दोघांत मी कुणाच्या बाजूचा, असं कुणी विचारलंच तर सांगतो. यंत्र माणसाच्या हुकमात असावं, इथे काकू बरोबर आहेत. पण आमच्या इमारतीचा सिंकिंग फंड ज्या डिस्कवर आहे, ती रोज संध्याकाळी वीज तोडून बंद व्हावी हे मला मान्य नाही, आणि तिथे मी इंजिनीअरच्या बाजूचा आहे. वाचकांना एकच विनंती. आपल्या सोसायटीचे, दुकानाचे, शाळेचे हिशेब ज्या संगणकात आहेत, तो संध्याकाळी कसा बंद होतो ते एकदा तिथे उभं राहून पाहा. बटण दाबून धरावं लागत असेल तर इव्हेंट व्ह्यूअरमधल्या ४१ आणि ६००८ या दोन नोंदी मोजा, आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. जीएसटीच्या वीस तारखेची वाट पाहू नका.